मारियाची चाल

न्यूरेंबर्गच्या बाजारचौकात भाचीने माझ्या हातात एक गोल पाव ठेवला. आत बोटाएवढी तीन सॉसेजेस आणि वर मोहरीची पिवळी पेस्ट. "उभ्यानेच खायचं, मामा," ती म्हणाली. आजूबाजूला कोट-टाय घातलेली माणसंही उभ्यानेच खात होती, पण एकाच्याही कोटावर मोहरीचा थेंब नव्हता. माझ्या स्वेटरवर दोन पडले. मार्च महिना होता. पाऊस येतो म्हणावं तर येत नव्हता आणि नाही म्हणावं तर चष्मा ओला होत होता.

सॉसेजनंतर लेबकूखन. नाताळातलं खाणं, पण या गावात ते बारा महिने मिळतं. दुकानाचं दार उघडलं आणि मी उंबरठ्यावरच थबकलो. लवंग, दालचिनी, वेलची, जायफळ. आजी मसाल्याचा डबा उन्हात ठेवायची तेव्हा माजघरात हाच वास दरवळायचा. इथे तो मधाच्या आणि बदामाच्या केकमधून येत होता. केकच्या तळाशी चर्चमध्ये प्रसादाला देतात तसली कागदासारखी पातळ पांढरी चकती होती. ती काढून टाकायची की खायची, असं मी विचारलं. दुकानातल्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ती निमूट खाल्ली.

मी आलो होतो एका गाण्यासाठी. महिन्यापूर्वी भाचीचा फोन आला होता: "मामा, तुझ्या त्या कॅसेटमधलं गाणं आहे बघ यात." लाइपझिगच्या एका चर्चमध्ये पाच तरुण वादक एकच चाल 1601 पासून आजपर्यंत कशी कशी वाजत आली ते वाजवून दाखवणार होते. दोन ट्रम्पेट, एक फ्रेंच हॉर्न, एक ट्रॉम्बोन आणि एक ट्यूबा, म्हणजे सगळं पितळ. आणि माझी कॅसेट म्हणजे पॉल सायमनची. 'अमेरिकन ट्यून' हे त्याचं 1973 सालचं गाणं कॉलेजात असताना मी टेप घासून जाईपर्यंत ऐकलं होतं. त्याची चाल त्याची स्वतःची नाही, हे मला फार उशिरा कळलं. ती न्यूरेंबर्गमध्ये जन्मलेल्या हान्स लिओ हासलरची. त्याच्या गाण्यांचा 'लुस्टगार्टन' हा संग्रह 1601 मध्ये याच गावात छापला गेला. म्हणून लाइपझिगच्या आधी न्यूरेंबर्ग.

मूळ गाणं प्रेमाचं आहे. एका मुलीपायी माझं चित्त थाऱ्यावर नाही, अशी तक्रार. पाच कडवी आहेत आणि कडव्यांची पहिली अक्षरं खाली खाली वाचत गेलं की नाव मिळतं: मारिया. ही मारिया कोण, याचा पत्ता नाही.

हासलर वयाच्या विशीत व्हेनिसला जाऊन शिकून आला आणि 1586 पासून आऊग्सबुर्गच्या ऑक्टाव्हियन फुगर या सावकाराकडे ऑर्गनवादक म्हणून राहिला. ही फुगर मंडळी तेव्हा हिंदुस्थानच्या मिरीच्या व्यापारात उतरली होती. त्यांचा आणि वेल्झर पेढीचा मुनीम फर्डिनांड क्रोन 1587 मध्ये जहाजाने हिंदुस्थानात आला आणि पुढे गोव्यातच घर करून राहिला. मी भाचीला म्हटलं, हासलरच्या पगारात आपल्या किनाऱ्यावरची चिमूटभर मिरी आहे. "तू प्रत्येक गोष्ट गोव्यापर्यंत नेऊन सोडतोस," ती म्हणाली. पण हातातल्या केकला मिरीचाच भाऊबंद वास येत होता, त्यामुळे तिला फार बोलता आलं नाही.

दुपारी ती मला राष्ट्रीय संग्रहालयात घेऊन गेली. तिथे काचेआड 1551 सालचा एक ट्रॉम्बोन आहे, एरास्मुस श्निट्झरने घडवलेला. आजच्या ट्रॉम्बोनपेक्षा सडपातळ, आणि तोंड एखाद्या धोतऱ्याच्या फुलाएवढं. या गावचे ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन तेव्हा युरोपभरच्या दरबारांत जात. पितळेचा पत्रा कापायचा, गुंडाळायचा, कडेला दात पाडून सांधा डाखायचा आणि मग ठोकत बसायचं. वाद्याच्या तोंडाच्या काठावर कारागिराचं नाव कोरायचं. मला पुण्याची तांबट आळी आठवली. कसब्यातून जाताना रस्ता दिसायच्या आधी ठोके ऐकू येत. तिथल्या बंबांवर आणि हंड्यांवर नाव असे ते घेणाऱ्याचं, घडवणाऱ्याचं क्वचितच. पावणेपाचशे वर्षांनंतर श्निट्झर कोण ते मला कळतं. माझ्या आजीचा बंब कुणी ठोकला ते मला माहीत नाही.

लाइपझिगला आम्ही मुद्दाम संथ गाडीने गेलो. खिडकीबाहेर झाले नदी बराच वेळ सोबत करते. स्पेलिंग काहीही असो, उच्चार झालेच. "ही कुठली नदी?" "झाले." "काय झालं?" हा विनोद आम्ही नाउम्बुर्गपर्यंत पुरवला. नदीच्या उतारांवर द्राक्षांचे मळे होते, पण वेली अजून काड्या होत्या. समोरच्या बाकावरच्या आजींनी पिशवीतून डबा काढला, पावावर लोण्याचा थर सुरीने कडेपर्यंत नीट पसरला, एक तुकडाही न सांडता खाल्ला आणि डबा पुसून परत ठेवला. आमच्याकडे गाडीत डबा उघडला की समोरच्याला "घ्या ना" म्हणावंच लागतं. आजींनी विचारलं नाही. त्यात तुसडेपणा नव्हता, उतरताना त्यांनी आमच्याकडे बघून छान मान हलवली. पण पाच तास समोर बसून चकलीसुद्धा पुढे न करणं मला काही जमलं नाही. त्यांनी ती घेतली, हातात फिरवून पाहिली आणि रुमालात बांधून ठेवली.

लाइपझिगचं जुनं नगरभवन लांबच लांब आहे, वर मनोरा आणि मनोऱ्याला सज्जा. या सज्ज्यातून गावचे सरकारी वादक रोज वाजवत. 1670 मध्ये योहान पेत्सेल नावाच्या वादकाने खास त्यासाठी चाळीस रचना छापल्या. त्या सकाळी दहाला वाजवायच्या, म्हणून पुस्तकाचं नावच 'दहावा तास'. त्याही पाच वाद्यांच्या. भाचीला नगारखाना समजावून सांगायला मला वेळ लागला नाही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर असतो तसा. देवळाच्या दारावरचा चौघडाही तोच. पोट भरायचं ते गावाच्या किंवा देवाच्या खजिन्यातून, वाजवायचं घटकेला, आणि खाली उभं राहून ऐकणारं कुणी असो वा नसो.

आत संग्रहालयात त्या वादकांचा म्होरक्या भेटतो. गॉटफ्रीट राइखे. एलियास हाउसमानने रंगवलेलं त्याचं चित्र आहे. भरदार चेहरा, डाव्या-उजव्या गालांत आयुष्यभराची हवा, एका हातात वेटोळं केलेला ट्रम्पेट आणि दुसऱ्यात सुरावटीचा कागद. याच हाउसमानने लाइपझिगच्या संगीतकार बाखचंही चित्र काढलं. बाखच्या चेहऱ्यावर कपाळाला आठी आहे, राइखेच्या नाही. बाखने 1730 मध्ये नगरपालिकेला पाठवलेल्या अर्जात म्हटलं होतं, की गावच्या वादकांच्या कसबाबद्दल खरं बोलायला आपला विनय आड येतो. नगरपालिकेला टोमणा मारायची ही रीत आपल्याही ओळखीची आहे. राइखेचा अपवाद असणार, कारण बाखने त्याच्या दमाच्या भरवशावर अवघड जागा लिहिल्या. तेव्हाच्या ट्रम्पेटला कळा नव्हत्या, त्या 1810 नंतरच्या. राइखे सगळे सूर नुसत्या ओठांवर काढत होता.

5 ऑक्टोबर 1734 च्या रात्री बाहेर या चौकात राजासाठी बाखची नवी रचना झाली. विद्यार्थी मशाली घेऊन उभे होते. राइखे 67 वर्षांचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना तो रस्त्यात कोसळला आणि गेला. वाजवण्याचा ताण आणि मशालींचा धूर, असं तेव्हाच्या बखरकाराने लिहून ठेवलं. ज्या गल्लीत पडला तिचं नाव वादकांची गल्ली.

संध्याकाळी भाचीने गोझ नावाची बिअर मागवली. तिच्यात मीठ आणि धणे घालतात. आंबट, खारट आणि मागून धण्याचा वास. मी म्हटलं, हा मठ्ठाच आहे, फक्त जिलबी कमी पडली. वेटर हसला नाही. आम्ही टीप किती द्यायची यावर कुजबुजत असताना तो समोर शांतपणे उभा राहिला आणि मग सुट्टे पैसे टेबलावर एकेक मोजून ठेवले. इथे सगळेच मोजतात, पण मोजताना कुणी लाजत नाही.

टोमास चर्चमध्ये सकाळी गेलो. वेदीसमोर जमिनीत ब्राँझची पाटी, त्यावर बाखचं नाव, भोवती ताजी फुलं. कुणी तरी ट्यूलिपचा एकच देठ ठेवला होता. 1727 च्या गुड फ्रायडेला इथे येशूच्या मरणाची कथा गाणारं त्याचं 'मॅथ्यू पॅशन' पहिल्यांदा झालं असं मानतात, आणि त्यात हासलरची चाल पाच वेळा येते. मधल्या काळात तिचं काय झालं ते सांगतो. 1613 मध्ये ग्योरलिट्सला छापलेल्या एका पुस्तकात ती सुखाच्या मरणाची आस धरणाऱ्या भजनाला लावली गेली. ते भजन लिहिलं गेलं होतं 1599 मध्ये, प्लेगच्या दिवसांत. पुढे 1656 मध्ये पाउल गेरहार्टचं ख्रिस्ताच्या रक्ताळलेल्या मस्तकावरचं भजन याच चालीवर आलं. मारियासाठी रडणारी चाल पन्नास-पंचावन्न वर्षांत क्रुसाखाली जाऊन उभी राहिली.

आमच्या घरी संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रती होत्या. प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात बारीक अक्षरात 'चाल' असं लिहून पुढे कुठल्याशा ठुमरीचे, लावणीचे किंवा कानडी पदाचे पहिले शब्द दिलेले असत. म्हणजे रंगमंचावर सुभद्रा किंवा भामिनी गात असायची आणि तिच्या पदाखाली कोठीवरची एखादी बाई गुणगुणत असायची. प्रेक्षकांत जाणकार असत, त्यांना दोन्ही ऐकू येत. कुणी बाटलं असं म्हणत नसे. जर्मन भजनांच्या पुस्तकांतही हीच पद्धत: भजन एक, आणि वर कुणाच्या चालीवर म्हणायचं ते.

मैफल गावाच्या दक्षिणेकडच्या एका विटांच्या चर्चमध्ये होती. आत इतकी थंडी की लोक कोट घालूनच बसले. पाच मुलं-मुली आली. ट्यूबा वाजवणारी सगळ्यांत किडकिडीत; ट्यूबा मांडीवर घेतल्यावर तिची फक्त टोपी दिसायची. सुरू करण्याआधी पाचही जणांनी वाद्यांत नुसती उबदार हवा फुंकली. एकही सूर नाही, फक्त श्वास. पितळ गार असलं की सूर उतरतो. मग ट्रम्पेटवाल्या मुलीने मान किंचित हलवली आणि हासलरचं मूळ गाणं सुरू झालं.

ते पाच आवाजांसाठीच लिहिलेलं आहे, त्यामुळे प्रत्येकाला एक आवाज आला. मी इतकी वर्षं ऐकलेली ती जड, पावलागणिक थांबणारी चाल कुठेच नव्हती. हे नाचत होतं. ठेका तीनचा आहे असं वाटावं तोवर तो दोनचा व्हायचा आणि परत तीनचा. चित्त थाऱ्यावर नसलेला माणूस चालेल तसा. तिसऱ्या ओळीला हॉर्नने एक सूर धरून ठेवला, बाकीचे चौघे त्याच्याभोवती हलले आणि मग तो सूर अगदी उशिरा, आर्जवाने खाली उतरला. माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं.

विटांच्या चर्चमध्ये ते चांगलं घुमलं. पुढच्या ओळीतल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी वळून पाहिलं. भाचीने माझा हात दाबला. आमच्याकडे गायकाने अशी जागा घेतली आणि समोरून दाद आली नाही, तर तो मानेने मागून घेतो. इथे दोनशे माणसं श्वास आवरून बसली होती. ऐकणं चालूच होतं, नुसतं आत. गाणं संपल्यावरही टाळी नाही. हॉर्नवाल्या मुलाने वाद्य उलटं करून आतलं पाणी जमिनीवर ओतलं. ती थुंकी नसते, श्वासाची वाफ गार पितळेला लागून साचते. दोन थेंब फरशीवर पडल्याचा आवाजही स्पष्ट ऐकू आला.

मग तीच चाल, ग्योरलिट्सची, मरणाच्या भजनाची. सूर ओळखीचे, पण ठेका हळूहळू सपाट होत गेला. अख्ख्या गावाने एका दमात म्हणायचं म्हणजे आडवळणं काढून टाकावीच लागतात. आपल्या आरत्यांचंही तेच झालेलं आहे. बाखपर्यंत येता येता चाल अगदी सरळ चालू लागली होती. आणि त्याने काय केलं, तर सरळ चालणाऱ्या चालीच्या पायाखालची जमीन हलवली.

इथे मला थोडं सुरांत शिरावं लागेल. ही चाल ज्या सुरावर संपते तो सूर हासलरकडे शुद्ध स्वरांच्या सप्तकातला गंधार आहे. खालची संगत षड्जाची, त्यामुळे शेवट उघडा, हसरा. पॅशनमध्ये येशूचा प्राण जातो त्यानंतर ही चाल शेवटची येते, तेव्हा बाख त्याच सुराला षड्ज मानतो. बिलावलच्या गंधारापासून सप्तक मोजलं की काय होतं हे आपल्याकडे मूर्च्छना शिकलेला कुणीही सांगेल: भैरवी. सूर एकही बदलला नाही आणि मैफल उठली. खालचे आवाज एकेक कोमल पायरी उतरत होते, ट्रॉम्बोनचा दांडा जेमतेम बोटभर पुढे सरकत होता. या वेळी मी तोंडावर हात ठेवला.

गंमत अशी, की पॅशनमध्ये बाखने पितळेचं एकही वाद्य घातलेलं नाही. ती मुलं उसनं वाजवत होती. त्यांचं हक्काचं आलं ते पुढे, 'ख्रिसमस ओरेटोरिओ'चं शेवटचं गाणं. तीच मरणाची चाल, पण भोवती तीन ट्रम्पेटचा जल्लोष. हे 6 जानेवारी 1735 ला लाइपझिगमध्ये वाजलं. राइखेला जाऊन तीन महिने झाले होते. त्याच्या जागेवर दुसरं कुणी फुंकत होतं. मुलांनी हे जरा फार वेगात घेतलं आणि एक वरचा सूर फुटला. ट्रम्पेटवाली लालबुंद झाली. मला तो फुटलेला सूर आवडला. आमच्या लग्नाच्या बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याचा सूर वरातीच्या शेवटी असाच फुटतो, आणि तोवर त्याने चार तास चालत वाजवलेलं असतं.

पुढे आलेल्या ब्राम्सबद्दल एवढंच, की त्याची जिवलग मैत्रीण क्लारा शूमान गेल्यानंतर 1896 मध्ये त्याने ऑर्गनसाठी भजनांवरच्या ज्या अखेरच्या अकरा छोट्या रचना लिहिल्या त्यांतल्या दोनांत ही चाल आहे. इथे दुसरी वाजली. ट्यूबावर एकच सूर नाडीसारखा ठुकठुकत राहिला. त्यानंतर दोन-तीन रचना माझ्या डोक्यावरून गेल्या. शेवटी ट्रॉम्बोनवाल्या मुलाने पॉल सायमन वाजवला, काहीसा लाजत, आणि पहिल्यांदाच ऐकणारे हलले. साठीच्या माणसांचे ओठ हलत होते. म्हणजे इथेही कॅसेट होत्या तर.

टाळ्या सगळ्यात शेवटी झाल्या आणि मग थांबायलाच तयार नव्हत्या. पुढच्या ओळीतल्या बाई सरळ माझ्याकडे आल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी विचारलं, तो शब्द काय होता? भाचीने सांगितलं. त्यांनी दोनदा "वा, वा" म्हणून पाहिलं. त्या स्वतः चाळीस वर्षं आपल्या चर्चच्या पोझाउनेनकोरमध्ये, म्हणजे हौशी लोकांच्या पितळी मेळात, ट्रम्पेट वाजवत होत्या. ईस्टरला पहाटे दफनभूमीत जाऊन वाजवायचं, म्हाताऱ्यांच्या वाढदिवसाला त्यांच्या अंगणात वाजवायचं. जर्मनीत गावोगाव असे मेळ आहेत, आणि 2016 पासून ते देशाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीतही आहेत. मी त्यांना गोव्यातल्या फेस्ताचे आणि मयतीचे बँड सांगितले. "मयतीला?" असं विचारून त्यांनी समाधानाने मान डोलावली.

मग बाकावरचं भजनांचं पुस्तक उचलून त्यांनी 85 वं भजन काढलं आणि तळाची बारीक ओळ बोटाने दाखवली. चाल: हान्स लिओ हासलर, 1601, ग्योरलिट्स, 1613. मी मारियाबद्दल विचारलं. चाळीस वर्षं ते वाजवूनही हे नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. भाचीने फोनवर मूळ गाणं काढलं आणि आम्ही तिघं गार चर्चमध्ये पाच कडव्यांची पाच अक्षरं एकाखाली एक वाचत उभे राहिलो. बाईंनी पर्समधून पेन्सिल काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि चर्चच्या पुस्तकात त्या ओळीच्या कडेला नाव लिहिलं.

तुम्हाला ही चाल ऐकावीशी वाटली तर आधी हासलर ऐका, बाख नंतर. उलटं केलंत तर मूळ गाणं थिल्लर वाटण्याचा धोका आहे, आणि ते तसं अजिबात नाही.